न पडलेला झेंडा

लुइझियानात नव्या माणसाशी गप्पा जमवायच्या असतील तर दोन विषय हमखास चालतात. एक, गंबो कुणाच्या हातचं चांगलं. दुसरा, २० जानेवारी २०१९. पहिल्यावर घराघरांत भांडणं आहेत. दुसऱ्यावर अख्खं राज्य एकमताचं आहे, आणि या राज्यात एकमत ही चीज तशी दुर्मिळच.

त्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ, गावचे सेंट्स आणि लॉस अँजेलिसचे रॅम्स, समोरासमोर होते. जिंकेल तो 'सुपर बोल' या अंतिम सामन्यात जाणार. २०-२० बरोबरी, दोन मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ उरलेला, चेंडू सेंट्सकडे, रॅम्सच्या गोलरेषेपासून १३ यार्डांवर. (हा खेळ कधी न पाहिलेल्यांसाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. बाकी नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, ते वाचून खेळ जास्त कळतो असं नाही.) तिसरा प्रयत्न. सेंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ड्रू ब्रीसने उजव्या कडेला टॉमीली लुईसकडे चेंडू फेकला. चेंडू हवेत असतानाच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत आला आणि त्याने लुईसला उडवला. चेंडूकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नव्हतं. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं ते वेगळंच. पंच जवळच उभा होता. स्टेडियममधल्या सत्तर हजारांची नजर त्याच्या कमरेच्या पिवळ्या फडक्यावर. (फाऊल दिसला की पंच ते मैदानावर टाकतो, त्यालाच झेंडा म्हणतात.) ते कमरेलाच राहिलं.

तो झेंडा पडला असता तर सेंट्सना नवे चार प्रयत्न मिळाले असते, त्यांनी घड्याळ जवळपास संपवत आणलं असतं आणि अगदी शेवटी जवळून किक मारून सामना खिशात घातला असता. झेंडा न पडल्यामुळे त्यांना लगेच किक मारून २३-२० वर समाधान मानावं लागलं आणि रॅम्सच्या हाती पावणेदोन मिनिटं उरली. तेवढ्यात त्यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत ग्रेग झुअरलाइनने ५७ यार्डांवरून किक मारली आणि रॅम्स २६-२३ असे जिंकले.

ज्याने धडक दिली त्या रोबी-कोलमननेच सामन्यानंतर आपण वेळेआधी पोचलो हे कबूल केलं. लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, पंच विभागप्रमुखाने आपल्याला फोन करून चूक मान्य केल्याचं सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सांगितलं. काही दिवसांनी लीगने रोबी-कोलमनला हेल्मेटच्या धडकेबद्दल २६,७३९ डॉलर दंड ठोकला. म्हणजे खेळाडू म्हणतो चुकलं, लीग म्हणते चुकलं, दंडाची पावतीसुद्धा फाटली, आणि निकाल मात्र जागच्या जागी. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल जाहीरपणे बोलले ते दहा दिवसांनी, सुपर बोलच्या आठवड्यात ठरलेली पत्रकार परिषद होती म्हणून. तोवर राज्याच्या गव्हर्नरांचं निषेधाचं पत्र त्यांच्याकडे जाऊन पडलं होतं, सुपर बोल व्हायचा होता त्या अटलांटात 'आमच्यावर दरोडा पडला' अशा आशयाचे मोठमोठे फलक लागले होते आणि एका वकिलाने फसवणुकीचा दावा दाखल केला होता. पुढे लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्राने पहिलं पान जवळजवळ कोरं सोडलं आणि कसला सुपर बोल, असा प्रश्न तेवढा छापला.

हा सगळा तमाशा मी जवळून पाहिला. सुरुवातीला हसलो. इतक्या श्रीमंत देशात एका खेळातल्या एका निकालावरून गव्हर्नर पत्र लिहितो याची गंमत वाटली. पण आपणही काही कमी नाही. २००८ च्या सिडनी कसोटीत अँड्र्यू सायमंड्स तिशीत असताना ईशांत शर्माच्या चेंडूवर बॅटची कड लागून झेल गेला, स्टीव्ह बकनरनी मान हलवली नाही, आणि सायमंड्स १६२ वर नाबाद राहिला. तेव्हा आपल्याकडे जे झालं ते आठवतंय ना? बकनरना पुढच्या पर्थ कसोटीतून काढण्यात आलं तेव्हा कुठे देश शांत झाला. त्या मानाने लुइझियानाची माणसं बरीच सभ्य निघाली.

पण दोन्हींत एक फरक आहे. सायमंड्सच्या बॅटला चेंडू लागला की नाही, याला एकच उत्तर असतं. आज तो प्रसंग घडला तर पडद्यावर रेषा थरथरेल आणि मिनिटात निकाल लागेल. अमेरिकन फुटबॉलमधले निम्मे फाऊल या जातीचे नाहीतच. चेंडू झेलणाऱ्याच्या संधीत लक्षणीय अडथळा आणला तरच पास इंटरफिअरन्स. प्रतिस्पर्ध्याला ठळकपणे जखडलं तरच होल्डिंग. लक्षणीय किती आणि ठळक किती, हे पंचाच्या मनात. या खेळात प्रत्येक डावाला बावीस माणसं एकमेकांना भिडतात, ओढतात, ढकलतात. पंच सात. शोधायचं म्हटलं तर कुठल्याही डावात कुठे ना कुठे कुणीतरी कुणाला धरलेलं सापडेल, असं जुने खेळाडूच सांगतात. त्यातलं कुठलं दिसलं म्हणायचं आणि कुठलं दिसूनही सोडून द्यायचं, यावर सामने फिरतात.

आणि शिक्षा? बचाव करणाऱ्याचं पास इंटरफिअरन्स झालं की चेंडू थेट गुन्ह्याच्या जागेवर नेऊन ठेवतात. चाळीस यार्डांवर झालं तर चाळीस यार्ड फुकट. कॉलेजच्या खेळात हीच शिक्षा फार तर पंधरा यार्ड. एनएफएलमध्ये एका माणसाच्या अंदाजाला एवढी किंमत दिलेली आहे, आणि तो अंदाज पाव सेकंदात, धावता धावता बांधायचा असतो. यातले बहुतेक पंच वर्षातले बाकीचे महिने दुसरंच काहीतरी करतात. कुणी शिक्षक, कुणी धंदा सांभाळणारा. बलदंड बाह्यांसाठी गाजलेले एड हॉक्युली हे नामवंत रेफरी पेशाने वकील होते.

मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की आता पास इंटरफिअरन्सही कॅमेऱ्यात तपासायचं, आणि न दिलेला निकालसुद्धा फिरवता येईल. विरोधातलं एकुलतं एक मत सिनसिनाटीचं. न्यू ऑर्लिन्सला वाटलं, आपलं दुःख निदान कामी आलं. मलाही तेव्हा ते सरळ वाटलं होतं. पंचाला दिसलं नाही तर यंत्राला दिसेल, एवढाच तर प्रश्न.

तो हंगाम पाहिलेल्या कुणालाही विचारा. १७ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये ह्यूस्टनचा डिअँड्रे हॉपकिन्स गोलरेषेजवळ झेल घ्यायला गेला आणि मार्लन हम्फ्रीने चेंडू येण्याआधीच त्याला कवळ घातली. झेंडा नाही. प्रशिक्षकाने आव्हान दिलं. आम्ही दिवाणखान्यात बसून तो तुकडा पाच कोनांतून पाहिला, समालोचक हसत होते, आणि लीगच्या न्यूयॉर्कमधल्या चित्रफीत तपासणाऱ्या खोलीतून उत्तर आलं की मैदानावरचा निर्णय कायम. पुरेसा स्पष्ट पुरावा नाही म्हणे. स्पर्श सगळ्यांनाच दिसत होता. पण लक्षणीय हा गुण कॅमेऱ्यात टिपला जात नाही. न्यूयॉर्कच्या खोलीत बसलेला माणूसही शेवटी स्वतःच्या मनालाच विचारत होता, फक्त त्याच्या हातात थांबवता येणारं चित्र होतं. आणि थांबवलेल्या चित्राची मोठी खोड ही की त्यात प्रत्येक स्पर्श गुन्ह्यासारखा दिसतो, नाहीतर आलिंगनासारखा.

५ जानेवारी २०२०. तेच सुपरडोम, पुन्हा सेंट्स, पुन्हा जादा वेळ. मिनेसोटाच्या काइल रुडॉल्फने गोलरेषेमागच्या कोपऱ्यात पी. जे. विल्यम्सला दोन्ही हात लावले, अंतर मोकळं केलं, चेंडू झेलला आणि सामना संपवला. २६-२०. हे ढकलणं की नुसता स्पर्श? झेंडा नाही, खेळ थांबला नाही, रेफरी कुठल्या पडद्याकडे गेला नाही. नंतर खुलासा झाला की दोघांचेही हात एकमेकांना लागले होते, पण गुन्हा ठरावा इतके नव्हते. ज्या गावासाठी नियम बदलला त्याच गावाने त्या नियमाचं शेवटचं क्रियाकर्म घरच्या मैदानावर पाहिलं. पुढच्या हंगामासाठी तो नियम कुणी पुढेच आणला नाही.

त्या वर्षीचा सुपर बोल कुणाकडे गेला ठाऊक आहे? बिल व्हिनोविच. २०१९ च्या त्या सामन्याचे मुख्य रेफरी. माझा शेजारी पाच दिवस चिडलेला होता. खरं पाहता व्हिनोविच त्या धडकेच्या वेळी क्वार्टरबॅकच्या मागे उभे होते. त्यांनी झेंडा टाकायचा नव्हताच, तो कडेच्या पंचांचा प्रांत. लीगमधल्या चांगल्या रेफरींमध्ये त्यांची गणना होते, २०२४ चा सुपर बोलही त्यांनाच मिळाला. पण हे शेजाऱ्याला कोण सांगणार? सामन्यानंतर रेफरीला प्रश्न विचारायला एकाच वार्ताहराला आत सोडतात आणि त्याने आणलेलं उत्तर सगळे छापतात. त्या रात्री व्हिनोविच एवढंच म्हणाले की तो संबंधित पंचाच्या अंदाजाचा निर्णय होता आणि आपण स्वतः तो डाव पाहिलेला नाही. वाक्यात खोटं काही नसेल. पण सत्तर हजार माणसं घसा फोडून ओरडत असताना 'मी पाहिलं नाही' हे उत्तर घेऊन कोण घरी जाईल?

माझे बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना फोनवर ती धडक दाखवली. बाबा सांगली जिल्ह्यात बरीच वर्षं कबड्डीचे पंच होते. मंडळांचे सामने, रात्रीचे, हॅलोजनच्या उजेडात. मला वाटलं ते पंचाला शिव्या घालतील. त्यांनी ती चित्रफीत तीनदा पाहिली आणि म्हणाले, "त्याला दिसलंय."

"मग शिट्टी का नाही? म्हणजे झेंडा?"

"शेवटच्या चढाईला शिट्टी तोंडात असते रे, फुंकर बाहेर पडत नाही. वाटतं, पोरांनी खेळून काय ते ठरवावं, आपल्यामुळे नको."

"पण न फुंकून तुमच्यामुळेच ठरतं की, बाबा."

"ते दुसऱ्या दिवशी कळतं."

मग त्यांनी सांगितलं की वादाचा निकाल दिला की ते दोन्ही कप्तानांना मध्ये बोलवायचे आणि का दिला ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचे. पाय कुठे होता, हात कुठे लागला, मी कुठून पाहिलं. मी विचारलं, मग पटायचं का त्यांना? "छे! पण एसटी त्यांच्याच गावावरून यायची. दगड तरी पडायचे नाहीत."

बाबांचं ते बोलणं ऐकल्यापासून मी हा खेळ वेगळ्या नजरेने पाहतो. आमचा, म्हणजे चाहत्यांचा, संताप चुकीवर आहे असं आम्ही समजतो. चुका तर क्वार्टरबॅकही करतो. हातातला झेल सोडणाऱ्याला आम्ही दोन दिवसांत माफ करतो. टोचतं ते हे की अंदाजाने दिलेल्या निर्णयामागचा अंदाज आम्हाला कधी सांगितलाच जात नाही. गंमत म्हणजे या खेळात रेफरीच्या कॉलरला माइक असतो. झेंडा पडला की तो मैदानाच्या मध्ये येतो, माइक चालू करतो, फाऊलचं नाव, खेळाडूचा क्रमांक, किती यार्ड, कितवा प्रयत्न हे खणखणीत आवाजात सांगतो आणि माइक बंद करतो. जिथे 'का' सुरू व्हायचं तिथे त्याचं वाक्य संपतं. आणि झेंडा पडलाच नाही तर माइक चालूही होत नाही.

२०२३ चा सुपर बोल घ्या. ॲरिझोनात कॅन्सस सिटी आणि फिलाडेल्फिया, ३५-३५, शेवटची दोन मिनिटं. फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीने जुजू स्मिथ-शूस्टरची जर्सी खेचली आणि झेंडा पडला. न्यू ऑर्लिन्सच्या बरोबर उलटं. कॅन्सस सिटीने घड्याळ खाल्लं, आठ सेकंद ठेवून किक मारली, ३८-३५. एवढा छान सामना त्या झेंड्याने विझवला अशी ओरड अर्ध्या देशाने केली. ब्रॅडबेरी मात्र सरळ म्हणाला की मी जर्सी ओढली होती, पंच सोडून देतील अशी आशा होती. चाहत्यांपेक्षा खेळाडू प्रामाणिक निघतात हे मी आता बऱ्याचदा पाहिलंय. पण त्याच्या त्या आशेला आधार होता. त्या रात्री तोवर असल्या ओढाताणीकडे पंचांनी काणाडोळाच केला होता, अशी फिलाडेल्फियाकरांची तक्रार होती, आणि ती मला पटते. चार तास एक माप आणि शेवटी दुसरं, हे झेंडा न टाकण्याइतकंच जाचतं.

क्वार्टरबॅकच्या संरक्षणाच्या नियमांबद्दल मी एवढा ठाम नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा टुआ टॅगोवायलोआ डोक्यावर आपटला आणि मैदानावर त्याची बोटं विचित्र वाकडी होऊन ताठरली, ते दृश्य ज्याने पाहिलं तो पंचांच्या भीतीला हसणार नाही. पण त्यानंतर दहाच दिवसांनी अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने टॉम ब्रेडीला अगदी शाळेतल्यासारखं खाली लोळवलं आणि पंधरा यार्डांचा झेंडा पडला. रेफरीने त्या एकट्या वार्ताहराला कारण दिलं की ब्रेडीला विनाकारण जमिनीवर फेकलं. दुसऱ्याच रात्री कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सने डेरेक कारच्या हातातला चेंडू काढून घेतला, चेंडू स्वतःच्या हातात असताना त्याच्यावर पडला, आणि अंगाचा भार टाकला म्हणून त्यालाही शिक्षा. सव्वाशे किलोहून जड माणसाने हवेत असताना आपला भार कुठे ठेवायचा, हे नियमपुस्तकाने सांगितलेलं नाही.

कारण सांगितलं नाही की लोक स्वतः कारण शोधतात. आमच्याकडे तो उद्योग जोरात आहे. कॅन्सस सिटी जिंकायला लागल्यापासून पंच त्यांना विकले गेलेत हे इथल्या न्हाव्यालाही ठाऊक असतं. गुडेलनी २०२५ च्या सुपर बोलआधी या आरोपाला हास्यास्पद म्हटलं, आणि मग त्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी ४०-२२ अशी चारी मुंड्या चीत झाली, तरी आरोप मेला नाही. मला तो खरा वाटत नाही. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर राज्याराज्यांत सट्टा कायदेशीर झाला, सामन्याच्या मधल्या जाहिराती त्याच्याच असतात, आणि एकेका झेंड्यावर लोकांचे पैसे लागलेले असतात. अशा बाजारात 'अंदाजाचा निर्णय होता' एवढ्यावर भागत नाही. त्यात पंचांवर टीका करणाऱ्या प्रशिक्षकाला लीग दंड ठोकते. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याचंच तोंड बंद.

बास्केटबॉलवाल्यांना हे आधी भोगावं लागलं. त्यांचा एक पंच, टिम डोनॅही, सट्ट्याच्या प्रकरणात २००७ मध्ये गुन्हा कबूल करून बसला. २०१५ पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते. प्रत्येक निर्णय बरोबर की चूक. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात न वाजलेल्या शिट्ट्याही असतात, 'इथे फाऊल द्यायला हवा होता, दिला नाही' असं वेळेसकट लिहिलेलं. खेळाडूंना हे फारसं आवडत नाही. २०१६ च्या नाताळात केव्हिन ड्युरँटवर झालेला फाऊल दिला गेला नव्हता हे अहवालाने मान्य केलं, तर ज्याच्यावर अन्याय झाला तो ड्युरँटच चिडला की लीग पंचांना उघड्यावर टाकतेय. फुटबॉलच्या एक्सएफएल नावाच्या छोट्या लीगने २०२० मध्ये दुसरी वाट धरली. तिथे रिप्ले तपासणारा अधिकारी बोलत असताना कॅमेरा त्याच्या तोंडावर असायचा, आणि तो काय पाहतोय, काय ताडतोय ते घरी बसून ऐकू यायचं. मी ते ऐकत ऐकत सोफ्यावरून त्याच्याशी भांडलोय. मजा आली.

एनएफएल प्रत्येक पंचाच्या प्रत्येक निर्णयाला आतल्या आत गुण देते. ते गुण छापायचा खर्च फार नाही. २१ जानेवारी २०१९ च्या सकाळी 'पास इंटरफिअरन्स, द्यायला हवं होतं, दिलं नाही' अशी एक ओळ लीगच्या नावाने आली असती, तर गव्हर्नरांनी तरीही पत्र लिहिलं असतं, वकिलाने तरीही दावा ठोकला असता, आणि माझ्या शेजाऱ्याने ती ओळ मोठ्या अक्षरात छापून, चौकट करून, गॅरेजमध्ये बिअरच्या फ्रिजवर टांगली असती.